पत्र खरं होतं, फोन खोटा होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रविवारी परदेशी शिक्षणाच्या जाहिराती पानभर असतात, त्या बघूनच हे लिहायला बसले. जायचं कसं हे सांगणारे पायलीला पन्नास आहेत, पण गेल्यावर तिथल्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं तर काय करायचं हे कुणी सांगत नाही. आणि गंमत अशी की पत्र येतं तिकडे आणि रडारड होते इकडे, जुळे सोलापुरात नाहीतर अक्कलकोट रोडला. मी सोलापूरच्या पोस्टात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच रजिस्टरच्या काउंटरवर, म्हणून पत्रांबद्दल जरा जास्तच बोलते, लांबलं तर कात्री लावा.

झालं असं की गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते, रात्री साडेनऊला माझी भावजय रिक्षा करून घरी आली, चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "वन्सं, तुम्ही पोस्टात होतात, तुम्हालाच कळेल, पोराला पकडून नेणार म्हणतायत." माझा भाचा डॅलसला असतो. एमएस झालं, नंतर ते ओपीटी म्हणतात तसली वर्षभर काम करायची परवानगी मिळाली, इंजिनिअरिंगवाल्यांना त्याच्यावर अजून २४ महिने मिळू शकतात तर त्याचा अर्ज केलेला. त्या अर्जावर खात्यानं काही कागद मागितले होते, त्याला आरएफई म्हणतात, म्हणजे पुरावा मागणारं पत्र, शिक्षा नव्हे. ते पत्र गेलं जुन्या अपार्टमेंटला. तिथं आता ज्युनिअर पोरं राहतात, त्यांनी ते फ्रिजवर ठेवलं, फ्रिजवरून ते मागं पडलं, पाचेक आठवड्यांनी कुणीतरी झाडताना सापडलं म्हणून फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं.

आणि त्यानंतर दोनच दिवसांत फोन. इंग्रजी एकदम अमेरिकन, बॅज नंबर सांगितला, याचं पूर्ण नाव, युनिव्हर्सिटी, सगळं माहीत. म्हणे तुमच्या फॉर्ममध्ये चूक आहे, वॉरंट निघालंय, १८०० डॉलर आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डनं भरा, फोन कट करायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर केस वाढेल. हुशार पोरगं हो, बारावीला ९४ टक्के, पण पत्र नुकतंच बघितलेलं असल्यामुळं त्याला वाटलं हे त्याचंच. गेला की दुकानात. ५०० डॉलरची कार्डं घेतली, मागचे नंबर खरवडून फोनवर वाचून दाखवले, परत दुसरी घ्यायला गेला तेव्हा काउंटरवरच्या बाईनं विचारलं, बाळा, तुला कुणी फोनवर सांगतंय का हे घ्यायला. तेव्हा कुठं त्यानं फोन ठेवला.

आता घरातली मतं ऐका. भाऊ म्हणाला सगळाच फ्रॉड आहे, ते पत्रसुद्धा फाडून टाक म्हणावं. भावजय म्हणाली पत्र आलंय म्हणजे फोन पण खराच असणार, उरलेले तेराशे भरून मोकळं होऊ दे त्याला. म्हणजे एकजण खऱ्या पत्राला खोटं ठरवत होता आणि दुसरी खोट्या फोनला खरं. भाऊ टॉवेलच्या धंद्यात आयुष्यभर पार्ट्यांशी भांडलेला माणूस, पण सरकारी कागद बघितला की आपल्या सगळ्यांचंच असं होतं, एकतर फाडा नाहीतर भरा, मधलं काही सुचत नाही.

मधलं म्हणजे काय तर खात्री. पत्रावर केस नंबर असतो, अमेरिकेतल्या त्या खात्याचा म्हणजे यूएससीआयएसचा नंबर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं दहा आकडे असा असतो. रात्री अकराला आम्ही भाच्याला व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि सांगितलं की खात्याची साइट तू स्वतः टाइप करून उघड, शेवटी डॉट जीओव्ही आहे का बघ, गूगलवर वर येणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारू नको, आणि तो नंबर टाक. टाकला. साइटवर आलं की पुरावा मागणारं पत्र पाठवलंय, पत्रावरची तारीख आणि ही तारीख जुळली. म्हणजे पत्र खरं. आणि त्याच्या ऑनलाइन खात्यात १८०० डॉलरचा कुठंही उल्लेख नाही. म्हणजे फोन खोटा. दहा मिनिटांचं काम हे, पण ते सुचायला ५०० डॉलर गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की खात्री करायला आपल्या दारानं जा, त्यांच्या दारानं नको. पत्रात दिलेल्या नंबरवर फोन करून पत्र खरं का विचारणं म्हणजे पाकीटमारालाच विचारणं, बाबा रे तू पाकीट मारलंस का. फोनवर नंबर कुठला दिसतो याला पण काडीची किंमत नाही, नंबर हवा तो दाखवता येतो, आपल्या वकिलातीचा नंबर दाखवून सुद्धा तिथल्या भारतीयांना लुबाडलंय, वकिलातीलाच लोकांना सावध करावं लागलं. तिकडची खाती फोनवर पैसे मागत नाहीत आणि गिफ्ट कार्डनं तर जगातलं कुठलंच सरकार फी घेत नाही, आपल्या मनपाची घरपट्टी तरी भरता का कधी ॲमेझॉनच्या कार्डानं?

आणि हे फोनवाले सगळे परदेशातलेच असतील असं समजू नका. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली होती ती आठवत असेल, टॅक्स खात्याचे अधिकारी म्हणून अमेरिकेतल्या लोकांना धमकावायचे, आणि तिकडच्या सरकारनं असल्याच रॅकेटवर जी केस केली त्यात इमिग्रेशन अधिकारी बनून, डिपोर्ट करू म्हणून पैसे उकळल्याचाही आरोप होता. आपलीच पोरं, इंग्रजी ॲक्सेंटची ट्रेनिंग घेऊन. आता तेच इकडं डिजिटल अरेस्ट नावानं चाललंय, पंतप्रधानांना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मन की बातमध्ये सांगावं लागलं की असली अटक कायद्यात नाहीच. फोन कट करू नका, कुणाला सांगू नका, आत्ताच भरा, ही तीन वाक्यं एकत्र आली की समोर चोर आहे समजा. इथल्या घरच्यांना असा फोन आला आणि पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला लगेच फोन लावा, सकाळची वाट बघू नका.

याची दुसरी बाजू पण आहे बरं का. पत्र खरं असूनही चुकून आलेलं असू शकतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत देश सोडून जा अशा अर्थाचे खरे सरकारी ईमेल गेले आणि त्यातले काही चक्क तिथं जन्मलेल्या नागरिकांना पोचले, एक तर इमिग्रेशनची वकीलच होती. नंतर सरकार म्हणालं काही ईमेल भलत्यांना गेले असतील. म्हणून पत्र खात्याचंच असलं तरी त्यातलं नाव, जन्मतारीख, केस नंबर आपलाच आहे का हे बघितल्याशिवाय बॅगा भरायला घेऊ नये, आणि आपल्याला नाही असं वाटलं तरी स्वतःच्या मनानं कचऱ्यात पण टाकू नये, वकिलाला नाहीतर कॉलेजच्या माणसाला दाखवावं.

आता खरं पत्र निघालं तर काय. इथं माझी पोस्टातली एक आठवण सांगते. साखर पेठेत नाहीतर अशोक चौकात पोस्टमन रजिस्टर घेऊन गेला, पाकिटावर कोर्टाचा नाहीतर बँकेचा शिक्का दिसला की आतून आवाज यायचा, घरी नाहीत म्हणून सांगा. घेत नाही म्हणाले की आम्ही पाकिटावर "नाकारले" लिहून परत पाठवायचो आणि लोकांना वाटायचं सुटलो. कसले सुटताय, आपल्याकडे सुद्धा बरोबर पत्त्यावर गेलेलं रजिस्टर नाकारलं तर ते मिळालं असंच कोर्ट धरतं. अमेरिकेत तेच. तुम्ही दिलेल्या शेवटच्या पत्त्यावर त्यांनी पत्र टाकलं की त्यांचं काम झालं. मागितलेले कागद मुदतीत नाही गेले तर अर्ज सोडून दिला असं समजून नाकारतात. आणि ते पत्र इमिग्रेशन कोर्टाच्या तारखेचं असेल आणि माणूस गेलाच नाही तर त्याच्या मागं, तो नसताना, देशाबाहेर काढायचा हुकूम निघू शकतो. फ्रिजच्या मागं पडलेलं पत्र ही सबब चालत नाही.

म्हणून पत्ता. घर बदललं की बहुतेक परदेशी लोकांना दहा दिवसांत तिथल्या इमिग्रेशनला कळवावं लागतं, त्याचा एआर-११ नावाचा फॉर्म आहे, ऑनलाइन होतो, फुकट आहे. विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही कळवायचं, आणि एखादा अर्ज पेंडिंग असेल तर त्या अर्जावरचा पत्ता बदलला का ते वेगळं बघायचं. आमच्या शहाण्यानं कॉलेजला कळवलं होतं, बँकेला कळवलं होतं, पिझ्झावाल्याला तर नक्कीच कळवलं असणार, फक्त अर्जावर जुनाच पत्ता.

मुदतीचं पण नीट समजून घ्या. आरएफईला जास्तीत जास्त ८४ दिवस देतात, पोस्टानं पत्र आलं तर तीन दिवस वर, आणि अर्ज नाकारायचा विचार आहे असं सांगणारं जे पत्र असतं त्याला जास्तीत जास्त ३० दिवस. मुदतवाढ मागून मिळत नाही. प्रत्येकाच्या पत्रावर त्याची तारीख छापलेली असते, मित्राला किती दिवस मिळाले ते विचारत बसू नका. आणि ती तारीख उत्तर पोस्टात टाकायची नसते, त्यांच्याकडे पोचायची असते! काउंटरवर बसून मी शेवटच्या दिवशी धावत येणारी पोरं आयुष्यभर बघितली, आजच्या तारखेचा शिक्का मारा म्हणायची, तो शिक्का इथं उपयोगाचा नाही. इथून मूळ कागद पाठवायचे असतील तर अजूनच लवकर, २०२५ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर आपल्या पोस्टातून अमेरिकेला टपाल जाणंच बंद होतं हे किती जणांना आठवतंय? स्कॅन पाठवून चालत असेल तर स्कॅनच पाठवा, आणि मूळ कागद मागितल्याशिवाय खात्याला देऊच नका, परत येतीलच असं नाही.

उत्तर एकदाच द्यायचं असतं, ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. आपल्याकडे आधी अर्ज द्या, त्रुटी निघाली की पुढचा कागद, मग अजून एक, असं वर्षभर चालतं. तिथं पहिल्या खेपेला जेवढं दिलं तेवढ्यावर निकाल. म्हणून मागितलेली यादी घेऊन एकेका ओळीवर खूण करत सगळं एकत्र लावायचं, सगळ्यात वर ते मूळ पत्र, सगळ्याची एक प्रत स्वतःकडे, आणि पोचल्याची पावती. ऑनलाइन अर्ज असेल तर अपलोड झाल्याचा स्क्रीनशॉट. भाच्याकडे कॉलेजच्या सहीचा नवीन आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, आणि डिग्रीचा कागद एवढंच मागितलं होतं, कॉलेजच्या बाईंनी दोन दिवसांत काढून दिला. त्यापायी इकडे भावजयीनं सिद्धेश्वराला अभिषेक बोलला होता.

पण दुसऱ्या एका बाईंची गोष्ट जास्त महत्त्वाची, त्या सात रस्त्याकडे राहतात, आम्ही एकाच भिशीत आहोत. त्यांची मुलगी तिकडे ग्रीन कार्डच्या रांगेत, तिच्याकडे जन्माचा दाखला मागितला. दाखला आहे मोहोळ तालुक्यातला, मराठीत, त्यावर मुलीचं नावच नाही, नुसतं स्त्री लिहिलंय, आईचं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. वर इंग्रजी कागदांत शाळेनं सोलापूरच्या स्पेलिंगमध्ये जुना एच घातलेला, शोलापूर. आपल्याला यात काहीच वाटत नाही, तिकडच्या अधिकाऱ्याला ही दोन गावं आणि तीन बायका वाटतात. अशा वेळी दाखल्यात नाव लावून घेता येतं का ते आधी निबंधकाकडे बघायचं, नोंदच सापडत नसेल तर नोंद नसल्याचा लेखी दाखला घ्यायचा आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची माहिती असलेल्या आईवडिलांची नाहीतर नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असं जोडायचं. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातल्या अक्षरांसकट, आणि भाषांतर करणाऱ्यानं खाली सही करून लिहायचं की हे पूर्ण आणि बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. बस्स. त्याला नोटरी लागत नाही. या बाईंनी कोर्टाजवळ दोन ठिकाणी शिक्के मारून आणले, आणि भाषांतरात मात्र मागची बाजू राहिली होती, ती शेवटी मी आणि त्यांच्या जावयाच्या बहिणीनं बसून केली.

आता एजंट. पत्र आलं की पहिला फोन त्यालाच जातो ज्यानं व्हिसा करून दिला, आणि भाच्याच्या बाबतीत पण गेलाच. इथल्याच एका ऑफिसनं सांगितलं की आमचा तिकडे सेटिंगवाला आहे, चाळीस हजारात उत्तर करून देतो, पासवर्ड पाठवा. पासवर्ड! बँकेचा पिन मागितला तर आपण आता देत नाही, मग हा कसा देतो? खात्यात एकदा ते लोक शिरले की ईमेल बदलतात, पुढची पत्रं त्यांनाच जातात आणि आपल्याला कळत पण नाही. कॅनडातलं २०२३ चं प्रकरण आठवा, बऱ्याच पंजाबी मुलांना देश सोडायच्या नोटिसा लागल्या, कारण जालंधरच्या एजंटनं कॉलेजची ॲडमिशन लेटरं बनावट लावली होती, मुलं शिकून, नोकऱ्या करून पक्क्या रहिवासाला अर्ज करायला गेली तेव्हा ते बाहेर आलं. फसवला एजंटनं आणि नोटीस पोराच्या नावानं. त्याच वर्षी डिसेंबरपासून कॅनडानं प्रत्येक लेटर कॉलेजकडून तपासून घ्यायला सुरुवात केली.

त्यामुळं उत्तरात थाप नको, ही तर पहिली अट. अनुभवाचं खोटं पत्र, ओळखीच्या फर्मची सॅलरी स्लिप, एवढ्यानं काय होतंय म्हणतात लोक. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं दार बंद, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, अमेरिकेत जाणूनबुजून केलं असं ठरलं तर कायमचं. आधी नाकारला गेला असता तर परत अर्ज करता आला असता, खोटं सापडल्यावर तो रस्ताच उरत नाही. आधीच्या अर्जात एजंटनं काय भरलं होतं ते पण काढून बघा, कारण आपण आता खरं लिहिलं आणि जुनं खोटं निघालं तर तिथं गाठ वकिलाशी पाडायलाच हवी. कोर्टाचं पत्र, नाकारायचा इशारा, खोटेपणाचा आरोप, किंवा अमुक कागदावर सही करून स्वतःहून निघून जा असली भाषा, यातलं काही असेल तर घरगुती डोकं चालवू नका. वकील तिथला, लायसन्सवाला. कॅनडात वकिलाशिवाय पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं नाहीतर क्यूबेकपुरतं तिथल्या नोटरींचं लायसन्स लागतं, ऑस्ट्रेलियात नोंदणी झालेल्या एजंटाला सात आकडी नंबर असतो, ब्रिटनमध्ये २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी हे नाव आहे. ही सगळी नावं ऑनलाइन यादीत शोधता येतात. आणि विद्यार्थी असेल तर सगळ्यात आधी कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस, ते फुकट आहे.

आईबापांना पण दोन शब्द. पोरानं सांगितलं की असं पत्र आलंय तर पहिल्या वाक्याला "कुणाला सांगू नकोस" म्हणू नका हो. तो फोनवाला चोर पण हेच म्हणत होता. भाच्यानं पत्राचा फोटो आल्यावर दोन दिवस घरी सांगितलंच नाही, का तर पप्पांना बीपी आहे. तेवढ्या दोन दिवसांत तो फोन आला.

शेवटी संपादक साहेब, मागणं तुमच्याकडेच आहे. पोरांना परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या कायद्यानं परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ती ईमायग्रेटच्या साइटवर कुणालाही तपासता येते, तर तो नंबर असल्याशिवाय त्यांची जाहिरात घेऊ नका. आणि शिक्षणवाल्या कन्सल्टंटकडे कुठल्या देशाचं लायसन्स असेल तर नंबर छापा, नसेल तर फक्त ॲडमिशनचं काम असं त्याच चौकटीत छापा, बारीक अक्षरात का होईना. जाहिरातीचा दर तुम्ही सेंटिमीटरवर घेता, एक ओळ वाढली तर तुमचंच उत्पन्न वाढेल.

आपली वाचक,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, जुळे सोलापूर

ता.क. भाच्याचं उत्तर मुदतीच्या ११ दिवस आधी पोचलं, साइटवर मिळालं एवढंच दिसतंय, निकाल अजून नाही. आणि ते ५०० डॉलर परत मिळाले का असं भिशीत सगळ्याजणी विचारतात. नाही मिळाले. कार्डवाल्या कंपनीला तासाभरात कळवलं होतं, तोवर कार्डं रिकामी झालेली.